कामाच्या जागी समाधान आहे

“भंगाळे, तुमच्या त्या कारखान्यात साधुसंत कामाला आहेत का?”

जोहरे सरांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या केबिनच्या दारात होते, एक पाय आत आणि एक बाहेर. एरवी सर मला ‘यामिनी’ म्हणायचे, ‘तू’ म्हणायचे. ‘भंगाळे’ आणि ‘तुम्ही’ निघालं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

“नाही सर, बायका आहेत. चटईला काठ शिवतात.”

“मग झाडून सगळ्या एवढ्या तृप्त कशा? या, बघा इकडे.” त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. “पहिलं विधान, ‘कामाच्या जागी समाधान आहे.’ पूर्ण सहमत, पूर्ण सहमत, पूर्ण सहमत. खाली जा. अजून खाली जा. एक तरी बाई सापडते का, जी म्हणते, नाही बुवा, मला नाही? अहो, यांना यांच्या नवऱ्यांबद्दल विचारलं असतं तरी एवढं एकमत झालं नसतं!”

मला हसू आलं, पण ते गिळावं लागलं. सर हसत नव्हते.

मी एमबीएच्या शेवटच्या वर्षाला होते, एचआर विषय घेऊन. प्रबंधासाठी मी जळगावच्या एमआयडीसीतला एक चटईचा कारखाना धरला होता. प्लास्टिकच्या रंगीत चटया. तिथल्या काठ विभागातल्या बायका सारख्या नोकरी सोडून जायच्या. नवीन घ्या, शिकवा, हात बसला की ती जायची. का जातात, हे मला शोधायचं होतं. जोहरे सर आम्हाला संशोधनपद्धती शिकवायचे आणि माझे मार्गदर्शकही तेच होते. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी मी केलं. ‘कामगार बायका आहेत, वाक्यं आखूड ठेवा,’ असं सरांनी वर्गात बजावलं होतं, म्हणून मी एकेक वाक्य कापून कापून सुटसुटीत केलं होतं. त्या मराठीवर मी जाम खूश होते.

“आणि हे चौदावं,” सर म्हणाले. “ ‘समाधान नसेल तर नोकरी सोडावीशी वाटते.’ पूर्ण असहमत. सगळ्या! म्हणजे समाधान आहे, आणि समजा नसलं, तरी कोणी जाणार नाही. आणि तरी बायका धडाधड सोडून चालल्यात. हे कोणत्या शास्त्रात बसतं, सांगा मला.”

“मलाही तेच कळत नाही सर.”

“मला कळतंय.” त्यांनी फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. “या खुणा बघा. एकच पेन, एकच हात. तुमचा.”

“बऱ्याच जणींचे हात कामात होते सर. काहींना वाचता येत नव्हतं. मी वाचायचे, त्या सांगायच्या, मी खूण करायचे. तिथले सुपरवायझर महाजन सगळा वेळ शेजारीच उभे होते. त्यांना विचारा.”

“असं सगळेच म्हणतात.”

ते खोटं नव्हतं. आमच्या विभागात कॅन्टीनच्या टेबलावर चहा पीत पीत शंभर कामगारांचे फॉर्म स्वतःच भरणारे महाभाग होते, आणि त्यांचे प्रबंध बांधून कपाटात गेलेही होते. सरांनी त्या वर्षी मनाशी ठरवलं होतं, आता बास. आणि सापडले कोण, तर आम्ही!

“प्रबंधाच्या सुरुवातीला एक पान असतं,” सर म्हणाले. “ ‘हे काम विद्यार्थिनीने स्वतः केले आहे.’ त्याखाली मार्गदर्शकाची सही लागते. मी ती करणार नाही. पुढच्या वर्षी नवा विषय घ्या.”

वर्ष जाणं एक वेळ मी सोसलं असतं. पण उन्हातान्हात स्कूटी हाणत मी त्या कारखान्याचे उंबरे झिजवले होते. प्लास्टिकच्या वासानं डोकं उठायचं, मशिनच्या खडखडाटात घसा फोडून एकेक वाक्य वाचायचं, आणि आता हा माणूस मला सरळ लबाड म्हणतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घराण्यातच ती आहे, वडील म्हणतात आईकडून आली, आई म्हणते वडिलांकडून.

“मग तुम्हीच चला सर,” मी म्हणाले. “उद्याच चला. तुम्हाला वाटेल ती बाई उभी करा आणि विचारा. मी तोंड उघडणार नाही. एकीनं जरी सांगितलं ना, ही पोरगी आली नव्हती, तर मी प्रबंधच काय, एमबीए सोडते.”

 सरांनी फॉर्मचा गठ्ठा बॅगेत टाकला.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले. “पण त्या मॅनेजरला किंवा कोणालाही आधी कळवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सर माझ्या स्कूटीवर मागे बसले, आमच्या दोघांच्या मध्ये स्वतःची बॅग उभी ठेवून. खड्डा आला की ती बॅग माझ्या पाठीत बसायची. अजिंठा चौफुलीपासून एमआयडीसीपर्यंत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

मॅनेजर कोठारी साहेब ओळखीचे झाले होते, त्यांनी लगेच आत जाऊ दिलं. काठ विभाग म्हणजे लांबलचक शेड. एक बाई मशिनवर बसून चटईच्या कडेला पट्टी शिवायची, दुसरी समोर उभी राहून चटई ताणून धरायची आणि हळूहळू सरकवायची. अशा दोघी दोघी ओळीनं. मी आत शिरले तशी पलीकडून आरोळी आली, “आली वं माय, आपली फॉर्मवाली ताई आली!”

ऐकलंत ना, अशा नजरेनं मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसायला काढला.

जेवणाची सुट्टी झाली. बायका डबे घेऊन शेडच्या मागच्या ओट्यावर बसल्या आणि सर त्यांच्यासमोर उभे राहिले. मी ठरल्याप्रमाणे बाजूला, तोंडाला कुलूप.

“या मुलीनं तुमच्याकडून फॉर्म भरून घेतले होते?”

“हाव ना!” सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

“सगळ्यांकडून?”

“सगळ्यांकडून. लई चांगली पोरगी आहे साहेब. पास करून टाका तिले.”

झालं. म्हणजे पास-नापासाचा मामला आहे, हे त्यांनी सरांच्या चेहऱ्यावरूनच ताडलं होतं. मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. पण सर कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“हिरव्या कागदावर होता ना फॉर्म?” त्यांनी अगदी सहज विचारलं.

कागद पांढरा होता. पांढराधोप.

“हाव, हिरवाच!” ओट्यावरून उत्तर आलं. एक तर हात वर करून म्हणाली, “हिरवागार!”

“आणि शेवटी अंगठा घेतला होता?”

“घेतला होता साहेब. दोनदा घेतला.”

कोणी अंगठा घेतला नव्हता.  अरे देवा, या माझ्या बाजूनं बोलायला गेल्या आणि माझ्याच गळ्याला फास लावला! सर विचारतील त्याला हो म्हटलं की पोरीचं भलं होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात. कोपऱ्यात बसलेली एक तर मी पहिल्यांदाच पाहत होते. नवी लागली असणार. तीसुद्धा जोरजोरात मान हलवत होती.

सर माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती.

“चला भंगाळे,” ते हळूच म्हणाले. “झालं तेवढं पुरे.”

तोंड उघडणार नाही असं कबूल केलं होतं, पण आता कसलं कबूल आणि काय! “सर, एकदा फॉर्म वाचून दाखवा,” मी म्हणाले.  “फक्त एकदा. त्या हो म्हणतात म्हणून सोडून देऊ नका. वाचा.”

माझी दया आली असावी. त्यांनी बॅगेतून कोरा फॉर्म काढला आणि वर्गात वाचतात तसा स्वच्छ वाचला, “विधान पहिलं. कामाच्या जागी समाधान आहे. काय म्हणता? सहमत की असहमत?”

ओट्याच्या टोकाला द्वारकाबाई सपकाळे बसल्या होत्या. विभागातल्या सगळ्यांत जुन्या. बाजरीच्या भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून त्यांनी मान लांब केली, शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली आणि म्हणाल्या, “आज नाही.”

“आज नाही म्हणजे?”

“आज सेकंड शिफ्टला आहे ना तो. चार वाजता येईल.”

सरांनी वळून शेडकडे पाहिलं. मीही.

“कोण येईल?” सरांनी विचारलं.

“समाधान. तुम्हीच तर विचारून राह्यले.”

“समाधान कोण?”

“अहो, आमचा सुपरवायझर! समाधान महाजन.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऑफिसात त्याला सगळे महाजन म्हणायचे. कोठारी साहेबांनी ओळख करून दिली तीही ‘हे आमचे महाजन’ अशीच. मी अहोजाहो करत ‘महाजन साहेब, महाजन साहेब’ म्हणत राहिले. आणि या बायका, ज्यांच्यापुढे तो परवा परवा मिशी फुटलेला पोरगा होता, त्याला आपसात नुसतं समाधान म्हणत होत्या. मी फॉर्म वाचत होते तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. कामाच्या जागी समाधान आहे? आहे ना, हा काय!

सरांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. मग ओट्यावर, बायकांच्या रांगेतच, मटकन बसले.

“पाचवं विधान,” ते म्हणाले. “ ‘समाधानामुळे काम चांगले होते.’ ”

“त्याच्यासमोर काय ‘नाही’ सांगणार होतो का आम्ही?” एक म्हणाली. बायका खुसखुसायला लागल्या.

“आणि चौदावं... ‘समाधान नसेल तर नोकरी सोडावीशी वाटते’...”

मग जो हास्याचा स्फोट झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. कोणाला ठसका लागला. द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “हाच! हाच तो सवाल साहेब! त्या दिवशी हसू दाबता दाबता आमची पोटं दुखली. तो नसला तर कोण कशाले सोडीन नोकरी? पेढे वाटू आम्ही, पेढे!”

“म्हणजे हा फॉर्म तुम्ही खरंच ऐकला होता,” सर म्हणाले.

“आता दोनदा सांगितलं ना साहेब, ऐकला म्हणून!”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

“यामिनी,” ते म्हणाले, “तू हा फॉर्म आधी कोणावर तपासून पाहिला होतास?”

“हॉस्टेलच्या मैत्रिणींवर सर.”

“आणि मी ते चालवून घेतलं.”  “चुकलो मी. मी तुला खोटं ठरवलं. याबद्दल मला माफ कर.”

प्राध्यापक माणूस, ओट्यावर, बायकांसमोर, एका विद्यार्थिनीची माफी मागतोय. हे असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी नुसती मान हलवली. 

द्वारकाबाईंनी सरांच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला. सर नको म्हणाले, पण तिथं नको कोण ऐकून घेतंय! खाताना ते एक प्रश्न विचारायला गेले आणि मध्येच थांबले. मला हळूच म्हणाले, “आपण काहीच विचारायचं नाही. नुसतं बसू.” ठेच्यानं त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी उठले नाहीत.

आणि त्या दिवशी, त्या दुपारी, मी वर्षभर जे पुस्तकांत शोधत होते ते आपल्या पायांनी चालत आलं. समाधान चारला यायचा होता, त्यामुळे सगळ्यांची तोंडं मोकळी होती. कोणीतरी त्या कोपऱ्यातल्या नव्या बाईबद्दल म्हणालं, “टिकणार नाही ती. तिची जोडी अजून बसली नाही.” दुसरी म्हणाली, “बसन कशी? समाधान बसूच देत नाही. दर सोमवारी जोड्या मोडतो.”

‘जोडी’ हा शब्द मी त्या शेडमध्ये पूर्वीही ऐकला होता आणि सोडून दिला होता. आता कान टवकारले. शिवणारी आणि ताणणारी, या दोघींचा हात एकमेकींना सरावावा लागतो. चटई कधी ढिली सोडायची, कधी थांबायचं, हे न बोलता कळावं लागतं. जोडी बसली की काम आपसूक होतं, गप्पा होतात, घरचं काही दुखलंखुपलं बोललं जातं. एकीचं पोर आजारी पडलं तर दुसरी तिचं काम ओढून नेते. जोडी मोडली की तीच बाई, तेच मशिन, पण हात अडखळतो, माल परत येतो, बोलणी बसतात. मग तिला वाटतं, जाऊ दे, मरो ती नोकरी. समाधान काही वाईट पोरगा नव्हता. बायका गप्पा मारतात म्हणून जोड्या फिरवत जा, असं त्याला वरून कोणीतरी शिकवलं होतं, आणि तो इमानेइतबारे मोडत होता.

परत येताना सरांनी बॅग मांडीवर घेतली. “तिसरं प्रकरण नव्यानं लिही,” ते मागून ओरडून सांगत होते, कारण वारा होता. “प्रश्नावली कशी फसली ते सगळं लिही. समाधानसकट!”

“बाहेरचे परीक्षक हसतील सर!”

“हसू देत! तुझ्याबरोबर माझ्यावरही हसतील. सही माझीच असणार ना त्यावर?”

मी स्कूटी इतकी जोरात सोडली की सर घाबरून “अगं, हळू!” म्हणाले.

त्यानंतर मी महिनाभर काठ विभागात जाऊन बसत होते. फॉर्म घरी. ‘तुमची जोडी कोणाबरोबर होती आणि मग काय झालं?’ एवढंच विचारायचं आणि ऐकायचं. कोणालाही सहमत-असहमत म्हणावं लागलं नाही. परीक्षक खरोखरच हसले, अगदी टेबलावर हात आपटून. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि मला जोड्यांबद्दल इतके खोदून प्रश्न विचारले की माझी परीक्षा संपल्याचंच मला कळलं नाही. प्रबंध पास झाला. चांगला पास झाला.

कोठारी साहेबांनी तो वाचला, निदान शेवटचं प्रकरण तरी वाचलं. सोमवारी जोड्या मोडणं बंद झालं. आणि एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. “आम्हाला एचआरला माणूस पाहिजे. तुम्हीच या ना. बायका तुमच्याशी बोलतात.”

मी तरंगतच शेडच्या मागे गेले. बायका जेवत होत्या. “मला इथंच नोकरी देतायत,” मी सांगून टाकलं. “येऊ का?”

“ये ना वं ताई! कधीपासून येते?” सगळीकडून गलका झाला. कोणी माझ्या गालावरून हात फिरवला, कोणी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

द्वारकाबाई मात्र डबा बंद करत होत्या. झाकण घट्ट बसवून झाल्यावर म्हणाल्या, “नको येऊ.”



“का?” मला एकदम लागलंच ते. “मी एवढं केलं आणि तुम्ही...”

“केलं ना, कोण नाही म्हणतं? पण आता तू आमच्यात खाली बसते, आमच्या डब्यातलं खाते, म्हणून आम्ही तुले सगळं सांगतो. उद्या तू हापिसात खुर्चीवर बसशील. मंग तू साहेबाचं माणूस. मंग आम्ही तुले बी पूर्ण सहमतच सांगू. त्याच्यापेक्षा तू दुसरीकडे जाय, मोठी हो, अन् आम्हाले भेटाले येत जाय.”

कोणीतरी “काय वं द्वारकाबाई, पोरीचं मन मोडते,” म्हणून त्यांना दटावलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. त्या सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

घरी जाताना मी आधी खूप चिडले. वा रे वा, म्हणे नको येऊ! गिरणा टॉकीजच्या चौकात सिग्नल लागला तिथं थोडी शांत झाले. त्या सगळ्या फॉर्ममध्ये मी एक ‘नाही’ शोधत होते, जीव तोडून शोधत होते. कोणी माझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणायला तयार नव्हतं. आज द्वारकाबाईंनी ते म्हटलं होतं, आणि खुर्चीवर बसल्यावर मला असंच ‘नाही’ ऐकवणारी बाई लागणार होती. मग सिग्नल सुटला, मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, आणि माझं ठरलं.

एक तारखेला मी रुजू झाले. सही करून सगळ्यांत आधी शेडमध्ये गेले. द्वारकाबाई चटई ताणून उभ्या होत्या. मला पाहिलं आणि चटई सोडून त्यांनी कपाळावर हात मारला.

“सांगितलं होतं ना वं पोरी तुले, नको येऊ म्हणून!”

“म्हणून तर आले,” मी म्हणाले.